वीजपुरवठादार बदलावा काय, व स्मार्ट मीटर केव्हा घ्यावा?

घोडबंदर रस्त्यालगतचे चेणे हे गाव मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते, आणि ह्या हद्दीत वीज विकण्याचा परवाना अदानी व टाटा ह्या दोन्ही कंपन्यांस आहे. तेथून ठाण्याच्या बाजूस गेले की महावितरणाची हद्द लागते. तेथे सामान्य शेतकऱ्यास निवड नाही. चेण्याच्या खातेदारास मात्र ती आहे, व तिचा उपयोग करावा की नाही हे त्याने हिशेबाने ठरविले पाहिजे.

ही निवड आपोआप आलेली नाही. टाटा कंपनीस किरकोळ ग्राहकांस वीज विकता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये दिला. पुढील वर्षी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मुंबईच्या उपनगरांत पुरवठादार बदलण्याची रीत घालून दिली. २०१४ साली टाटा कंपनीस मिळालेल्या नव्या परवान्यात मीरा-भाईंदरची हद्दही आली. ज्या रिलायन्सकडून ग्राहक बदलून जात, तिचा मुंबईतील हा धंदा २०१८ साली अदानीने घेतला.

आता मुख्य मुद्दा. नवी कंपनी जुन्याच कंपनीच्या तारांवरून वीज देत असेल, तर त्या तारांचा वहन आकार तारांच्या मालकासच जातो. पेंढा कोणाकडूनही घ्यावा, गाडीभाडे गाडीवाल्याचेच! शिवाय २०११ साली आयोगाने अशा बदललेल्या ग्राहकांवर क्रॉस सबसिडीचा अधिभारही बसविला होता. म्हणून केवळ युनिटचा दर पाहून जो निर्णय करील तो फसण्याचा संभव फार. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार व असल्यास अधिभार, ह्या सर्वांची बेरीज दोन्ही कंपन्यांच्या चालू दरपत्रकांवरून मांडावी.

बेरीज एका महिन्याची नको. पाच अश्वशक्तीचा पंप तासभर चालला की सुमारे चार युनिट वीज जाते. पण पावसाळ्यात भाताला पंप लागत नाही, आणि उन्हाळी भाजीपाल्यास तो रोज लागतो. बंद महिन्यांत स्थिर आकाराचा भार दिसतो, चालू महिन्यांत युनिटच्या दराचा. सबब बारा महिन्यांची बिले पुढे घेऊन बसावे. पंपाची जोडणी शेतीच्या वर्गात आहे, आणि घराची घरगुती वर्गात; त्यांचे हिशेब वेगळे ठेवावेत. एकीस जे लाभाचे ते दुसरीस असेलच असे नाही.

मीटरचा प्रश्न आम्ही मागाहून घेतला, तो हेतुपुरस्सर. पुरवठादार बदलल्यास मीटर कोणाचा राहील, हे अर्जापूर्वी लेखी विचारून घ्यावे. आज मीटर बदलावा आणि सहा महिन्यांनी पुरवठादारासोबत तो पुन्हा काढावा लागावा, ह्यात शहाणपण नाही. आधी पुरवठादार, मग मीटर, हाच क्रम आम्हांस बरा वाटतो.

स्मार्ट मीटर कोणत्या वेळी किती वीज गेली हे नोंदतो. त्याचा खरा उपयोग वेळेप्रमाणे बदलणाऱ्या दरांत आहे. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये केलेल्या नियमांत दिवसाच्या सौर तासांचा दर निदान वीस टक्के कमी, व गर्दीच्या वेळचा अधिक ठेवण्यास सांगितले आहे. पण शेतीचे ग्राहक ह्यातून वगळले आहेत. अर्थात पंपासाठी ह्या मीटरची घाई करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. घरी पाणी तापविणे, दळणे, धुणे ही कामे दुपारी उरकता येत असतील तर घराला तो लवकर घेणे हिताचे. ज्यांचा सारा वापर दिवे लागल्यावरचा, त्यांनी थांबावे.

मीटरने अधिक भार दाखविल्यास तो बसण्यापूर्वीच्या काळाचा दंड आकारता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. जुन्या मीटरचा शेवटचा आकडा, तारखेसह, छायाचित्र घेऊन जपून ठेवावा. नवा मीटर धावतो असा संशय आल्यास, २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे, तक्रारीपासून पाच दिवसांत कंपनीने पडताळणीचा दुसरा मीटर लावून निदान तीन महिने वापर तपासावयाचा आहे. तक्रार लेखी द्यावी आणि तारखेची पोच घ्यावी. तोंडी तक्रारीचे पाच दिवस कोणत्या दिवसापासून मोजावयाचे?