आकड्यापुढची चांदणी

सुनेने नातवाच्या रक्ताचा रिपोर्ट माझ्या हातात ठेवला, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. ‘अल्कलाइन फॉस्फटेज’ 340 आणि पुढे चांदणी. शेजारी छापलेली मर्यादा 40 ते 130. अकरा वर्षांचा पोरगा, महिनाभर पाय दुखतात म्हणत होता. शेजारच्या काकूंनी ‘लिव्हर’ हा शब्द उच्चारला आणि त्या रात्री घरात कुणी धड जेवले नाही.

उभे आयुष्य मी बँकेत आकडे तपासण्यात घालवले. आकडा दिसला की आधी तो कोणत्या खात्याचा हे पाहायचे, ही सवय. पण इथे मीही नुसता चांदणीकडे पाहत बसलो.

सकाळी बालरोगतज्ज्ञांनी रिपोर्ट वाचून विचारले, “यंदा याच्या विजारी किती वेळा आखूड झाल्या?” हे एन्झाइम यकृतात असते, तसे हाडे घडवणाऱ्या पेशींतही असते. वाढत्या वयात ते मोठ्यांच्या दुप्पट-तिप्पट सहज भरते. प्रयोगशाळेने मर्यादा छापली होती ती मोठ्यांची! एसजीपीटी, जीजीटी, बिलिरुबिन ठीक होते. त्यामुळे यकृताचा संशय उरला नाही. पाय दुखतात म्हणून ‘ड’ जीवनसत्त्व मात्र तपासायला सांगितले. त्याच्या अभावाने मुडदूस होतो, तेव्हाही हा आकडा चढतो.

जाता जाता ते म्हणाले, एसजीओटी-एसजीपीटी वाढलेले असले आणि मूल मांड्यांवर हात टेकत उठत असले, तर दुखणे स्नायूंचे असू शकते. तेव्हा सीपीके तपासावे. हे मी डायरीत लिहून ठेवले आहे.

जीवनसत्त्व कमी निघाले. औषध सुरू आहे. काल सुनेने विजारीची शिवण उसवली, चांगली दोन बोटे.