हत्तीरोगाची गोळी घेतल्यावर ताप का येतो?

हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आशा सेविका दारात आल्या, की पूर्व विदर्भातल्या अनेक घरांत ठरलेले उत्तर मिळते, ‘आम्हाला काही झालेलं नाही, मग गोळी कशाला?’ मागच्या खेपेला शेजारच्याला गोळीने ताप आला होता, हेही एक कारण सांगितले जाते. ही दोन्ही कारणे वरवर पटतात. पण हा जंत आणि आपली प्रतिकारशक्ती यांचे नाते समजून घेतले, तर दोन्हींचा अर्थ नेमका उलटा निघतो.

भारतात हत्तीरोग प्रामुख्याने ‘वुचेरेरिया बँक्रॉफ्टी’ या दोऱ्यासारख्या जंतामुळे होतो. गटारे, सेप्टिक टँक अशा घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास त्याच्या अळ्या माणसाच्या शरीरात पोहोचवतो. तिथे लसीकावाहिन्यांत जंत मोठे होतात. मादी 8 ते 10 सेंटिमीटर लांब असते आणि साधारण 6 ते 8 वर्षे जगते. या काळात ती लाखो सूक्ष्म पिल्ले सोडते. त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. ही पिल्ले प्रामुख्याने रात्री रक्तात फिरतात, म्हणूनच तपासणीसाठी रक्ताचा नमुना रात्री घेतला जातो.

पायात बारीकसा काटा मोडला, तरी दोन दिवसांत तिथे सूज येते. मग बोटाएवढा लांब परका जीव शरीरात वर्षानुवर्षे बिनबोभाट कसा राहतो? आपल्या प्रतिकारशक्तीत हल्ला करणाऱ्या पेशी असतात, तशाच तिला आवर घालणाऱ्या पेशीही असतात. त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. हल्ला हाताबाहेर जाऊन आपल्याच अवयवांना इजा होऊ नये, हे त्यांचे काम. जंत आपल्या स्रावांमधून नेमक्या याच यंत्रणेला चालना देतो. दाह शमवणारे ‘इंटरल्युकिन-10’ हे रसायन वाढते आणि जंताविरुद्धचा प्रतिसाद थंडावतो. त्यामुळे रक्तात मायक्रोफायलेरिया असलेल्या बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही.

त्रास नसला, तरी नुकसान थांबलेले नसते. जंतांमुळे लसीकावाहिन्या फुगतात आणि त्यांच्या झडपा निकामी होऊ लागतात. काही जणांत प्रतिकारशक्तीचा आवर सुटतो. जंत मरतात तेव्हा त्यांच्या आत राहणारे ‘वोल्बाकिया’ हे जीवाणू बाहेर पडून दाह वाढवतात. त्यातच त्वचेच्या भेगांतून इतर जंतुसंसर्ग होतो. अशा वारंवारच्या दुखण्यातून पाय कायमचा सुजतो. पुरुषांमध्ये अंडवृद्धी होते. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया करता येते, पण जुना हत्तीपाय गोळ्यांनी पूर्ववत होत नाही. रोज साबणाने पाय धुणे, तो कोरडा ठेवणे आणि व्यायाम यांनी त्रास आटोक्यात राहतो.

मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोल ही औषधे देतात. काही जिल्ह्यांत त्यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिनही असते. डीईसीमुळे मायक्रोफायलेरियांचे संरक्षण ढासळते आणि प्रतिकारशक्तीला ते सापडतात. ते मोठ्या संख्येने एकदम मरू लागले, की ताप, डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ असा त्रास होतो. तो बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतो. ज्यांच्या रक्तात मायक्रोफायलेरिया नसतात, त्यांना सहसा फारसे काही होत नाही. म्हणजे शेजाऱ्याला आलेला ताप बहुधा औषध लागू पडल्याची खूण होती. मात्र त्रास जास्त वाटला, तर लगेच आरोग्य केंद्रात जावे.

गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत. दोन वर्षांखालील मुले, गर्भवती आणि गंभीर आजारी व्यक्तींना त्या देत नाहीत. इतर कोणाला कोणते औषध आणि किती द्यायचे, हे आरोग्य कर्मचारी वय किंवा उंची पाहून ठरवतात. एका खेपेत सगळे मोठे जंत मरत नाहीत, म्हणून दर वर्षीची मोहीम चुकवू नये.

भारताने 2027पर्यंत हत्तीरोग दूर करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यात खरा अडसर सुजलेल्या पायाच्या रुग्णाचा नाही. ज्याला काहीच होत नाही, पण ज्याच्या रक्तातून रोज रात्री डास मायक्रोफायलेरिया उचलून शेजारच्या घरात नेतात, त्याचा आहे. ‘मला काही झालेलं नाही’ असे म्हणणाऱ्यानेच ती गोळी आधी घ्यायला हवी.