टर्मिनलमधील संपादक आणि देवनागरी अक्षर

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये मजकूर सुधारण्यासाठी नॅनो, ईमॅक्स व विम हे संपादक विशेष प्रचारात आहेत. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये रचलेल्या 'व्हीआय'च्या धर्तीवर ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये विम प्रसिद्ध केला. नॅनो कळांची यादी तळाशीच दाखवितो. क्वचित काम करणाऱ्यास तोच पुरेसा होय.

भाषाभ्यासकाने मात्र आधी पाहावे ते हे की, संपादक अक्षर कशास मानतो. 'क्षि' आपल्या लेखी एक अक्षर. युनिकोडमध्ये तेथे क, हलन्तचिन्ह, ष व इकार असे चार संकेत असतात. टर्मिनल समान रुंदीच्या चौकटींचे असल्याने ऱ्हस्व वेलांटी पुष्कळदा व्यंजनानंतर पडलेली दिसते. फाइल मात्र शुद्धच असते. प्रस्तुत लेखकाने या भ्रमात एका शब्दसूचीतील वेलांट्या व्यंजनांपूर्वी नेल्या. पडद्यावर त्या शोभल्या, परंतु वर्णानुक्रम आणि शोध दोन्ही बिघडले. म्हणून रूप पाहावयाचे ते खिडकीतील संपादकात पाहावे.

विममध्ये 'एक्स' कळ दाबताच व्यंजन मात्रेसह नाहीसे होते. केवळ मात्रा काढावयाची तर 'डेलकंबाइन' हा पर्याय चालू करावा लागतो. बोलींच्या लेखनात ही सोय अमोल आहे.

डेबियन वा उबुंटूवर प्रथम 'सुडो ॲप्ट अपडेट' ही आज्ञा, अर्थात रोमन लिपीत, द्यावी. तिने केवळ पॅकेजांची यादी ताजी होते. कित्येक विद्यार्थी येथेच थांबतात. नंतर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल विम' लिहावे. त्यास लागणारी इतर पॅकेजे ॲप्ट स्वतःच आणते.