प्राध्यापकांचे प्रशिक्षण : शहापूर-मुरबाडच्या बाजूने

प्राथमिक शाळेत शिकवू इच्छिणाऱ्याला डी.एल.एड. आणि माध्यमिक शाळेत शिकवू इच्छिणाऱ्याला बी.एड. करावे लागते, त्यात पाठ-टाचणे काढावी लागतात आणि निरीक्षकांसमोर सराव पाठ द्यावे लागतात. महाविद्यालयात शिकवण्यासाठी मात्र पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट यांपैकी एक पात्रता परीक्षा, अथवा पीएच.डी., एवढे पुरते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ जी सेट परीक्षा घेते तिच्या पहिल्या पेपरात अध्यापनाविषयीचे प्रश्न असतात खरे, पण ते दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडण्याचे असतात आणि वर्गात उभे राहून कोणी कसे शिकवतो याची परीक्षा त्यात कुठेही होत नाही. त्यामुळे उच्च शिक्षणात शिक्षकाचे शिक्षक म्हणून प्रशिक्षण सुरू होते ते नोकरी लागल्यानंतर, आणि ते त्याला केव्हा, कुठे व कोणत्या भाषेत मिळते हा प्रश्न ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत मुंबई किंवा पुण्यापेक्षा निराळ्या रीतीने उभा राहतो.

नोकरीत असलेल्या प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाची देशव्यापी व्यवस्था तशी फार जुनी नाही. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांच्या गुणवत्तेवर भर दिला आणि त्याला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७पासून निवडक विद्यापीठांत ‘अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेज’ नावाची केंद्रे उघडली. तेथे दोन प्रकारचे वर्ग चालत : नव्याने रुजू झालेल्यांसाठी सुमारे चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग, ज्याला प्राध्यापक ‘ओरिएंटेशन’ म्हणतात, आणि काही वर्षे शिकवून झालेल्यांसाठी विषयातील नवे ज्ञान देणारा उजळणी वर्ग, म्हणजे ‘रिफ्रेशर’. २०१५मध्ये या केंद्रांना मानव संसाधन विकास केंद्र हे नाव मिळाले आणि २०२३च्या शिक्षकदिनी मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाल्यावर तीच केंद्रे मालवीय मिशनच्या छत्राखाली आली. देशभरात अशी १११ केंद्रे असल्याचे तेव्हा जाहीर झाले. नावे बदलण्याचा हा उत्साह अभ्यासक्रम बदलण्याच्या बाबतीत तितकासा दिसला नाही, परंतु एक बदल महत्त्वाचा होता : नव्या शिक्षकांसाठीचा उद्बोधन वर्ग ‘गुरु-दक्षता’ या नावाने नव्याने आखला गेला आणि त्यात अध्यापनपद्धती, मूल्यमापन व माहिती-तंत्रज्ञान यांना अधिक जागा मिळाली.

या वर्गांना प्राध्यापक जातात ते मुख्यतः पदोन्नतीसाठी, हे स्पष्टपणे मान्य केल्याशिवाय विषय नीट समजत नाही. सहायक प्राध्यापकापासून सहयोगी प्राध्यापक व पुढे प्राध्यापक या पदांपर्यंत जाण्याचा मार्ग ‘करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम’ या योजनेतून जातो, जिला महाविद्यालयांच्या शिक्षक-कक्षात सगळे ‘कॅस’ म्हणतात. आयोगाच्या जुलै २०१८च्या नियमावलीनुसार, जी महाराष्ट्र शासनाने ८ मार्च २०१९च्या निर्णयाने सातव्या वेतन आयोगाबरोबर लागू केली, पहिल्या टप्प्यावर वर चढण्यासाठी पीएच.डी. असलेल्याला चार वर्षांची आणि नेट-सेटवर लागलेल्याला सहा वर्षांची सेवा लागते आणि त्याबरोबर एकवीस दिवसांचा उद्बोधन वर्ग पूर्ण करावा लागतो. शिवाय उजळणी वर्ग, संशोधनपद्धतीचा वर्ग, कार्यशाळा किंवा इंटरनेटवरून चालणारा ‘मूक’ हा खुला अभ्यासक्रम यांतून काही ना काही जोडावे लागते. पुढच्या टप्प्यांवर अशाच वर्गांची संख्या आणि कालावधी ठरलेला आहे. या व्यवस्थेचा फायदा असा की प्रशिक्षण कोणी टाळू शकत नाही, आणि तोटा असा की ते दिवसांत मोजले जाते. मुदत भरत आली की वर्ग शोधला जातो, विषय आपल्याला उपयोगी आहे की नाही हा विचार मागे पडतो, आणि एकदा प्रमाणपत्र फाइलला लागले की त्या वर्गात जे ऐकले त्याचा आपल्या तासाला काय उपयोग झाला हे कोणी विचारत नाही.

शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत. शहापूरचे सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय आणि मुरबाड तालुक्यात शिवळे येथील शांतारामभाऊ घोलप व गोटीरामभाऊ पवार यांच्या नावाचे महाविद्यालय ही त्यांतली परिचित उदाहरणे. विद्यापीठाचे प्रशिक्षण केंद्र आणि बहुतेक विभाग सांताक्रूझजवळच्या कलिना संकुलात आहेत. शहापूरच्या शिक्षकाला तेथे पोहोचायचे तर आधी आसनगाव स्थानक गाठायचे, कसारा मार्गावरची गाडी पकडायची, कुर्ल्याला उतरायचे आणि पुढे बस किंवा रिक्षा करायची. या मार्गावर कल्याणच्या पुढे गाड्या विरळ असल्याने एक गाडी चुकली तर सकाळचे सत्र हुकते. मुरबाडला तर रेल्वेच नाही, त्यामुळे कल्याणपर्यंतचे सुमारे तीस किलोमीटर एस.टी.ने कापल्यावर हा प्रवास सुरू होतो. मुंबई शहरातल्या महाविद्यालयातील शिक्षक जे व्याख्यान दुपारी ऐकून संध्याकाळी घरी परततो, त्याच व्याख्यानासाठी येथील शिक्षकाचा संपूर्ण दिवस खर्ची पडतो. एका दिवसाच्या कार्यशाळेचे निमंत्रण शहराच्या बाहेर गेल्यावर सुटीच्या अर्जाचा विषय होते, हे कार्यशाळा आखणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

रजा हा यातला खरा अडसर आहे. नियमावलीने उद्बोधन व उजळणी वर्ग, परिषदा, चर्चासत्रे यांसाठी एका शैक्षणिक वर्षात तीस दिवसांपर्यंत कर्तव्य रजा, म्हणजे कामावर असल्याप्रमाणे धरली जाणारी पगारी रजा, देण्याची तरतूद केली आहे. पण एखाद्या विषयाला एकच पूर्णवेळ शिक्षक असलेल्या महाविद्यालयात तो चार आठवडे गेला तर त्या विषयाचे तास घेणार कोण, याचे उत्तर नियमावलीत नाही. पूर्वी आयोगाची शिक्षक छात्रवृत्तीची योजना होती, जिच्यात शिक्षकाला पगारी रजेवर पीएच.डी. पूर्ण करता येई आणि त्याच्या जागी नेमलेल्या बदली शिक्षकाच्या वेतनाचीही सोय होई. बदली माणसाचा खर्च कोणी उचलला की रजा आपोआप मिळते, हे त्या योजनेने दाखवून दिले होते. बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर तो मार्ग आटला. लहान महाविद्यालयांना त्याचा जितका फटका बसला तितका मोठ्यांना बसला नसावा, कारण जिथे एका विषयाला चार शिक्षक असतात तिथे तास वाटून घेता येतात.

मार्च २०२०नंतर टाळेबंदीमुळे हे वर्ग ऑनलाइन झाले आणि अंतराची अडचण एका फटक्यात कमी झाली. त्याआधीच ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू झाले होते आणि २०१८पासून त्यावर ‘अर्पित’ या नावाने प्राध्यापकांसाठी ऑनलाइन उजळणी वर्ग मिळू लागले होते. खर्डी किंवा सरळगावला राहणाऱ्या शिक्षकाला आता काश्मीर वा केरळातील विद्यापीठाच्या वर्गाला नाव घालता येते, आणि हे लहानसहान परिवर्तन नाही. तरीही त्याने जे नेले तेही लक्षात घ्यायला हवे. निवासी वर्गात रत्नागिरीचा, जव्हारचा आणि दादरचा शिक्षक एका खोलीत राहत, एकमेकांचे पाठ पाहत, अभ्यासक्रमावर वाद घालत, आणि त्या ओळखींतून पुढे परीक्षेच्या कामापासून संयुक्त संशोधनापर्यंत बरेच काही निघे. ऑनलाइन वर्गात मोबाइल एका बाजूला सुरू ठेवून दुसरीकडे तास घेणे शक्य असते, आणि ते होतेही. रजा न देता प्रशिक्षण पार पडले याचे व्यवस्थापनाला समाधान वाटते, परंतु असे अर्धवट कानावर पडलेले प्रशिक्षण वर्गापर्यंत पोहोचेल ही अपेक्षा भाबडी आहे.

अधिक गंभीर गोष्ट आशयाची आहे. शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाड तालुका अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो. कुणबी व आगरी शेतकरी कुटुंबांबरोबर ठाकूर, महादेव कोळी, वारली आणि कातकरी समाजातील मुले-मुली येथे शिकायला येतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी असते. भाताची लावणी सुरू झाली की वर्ग ओस पडू लागतात, कापणीला पुन्हा तेच घडते, आणि दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघाली की त्यांच्यासोबत गेलेला विद्यार्थी पावसाळ्याआधी परतेल याची खात्री नसते. कला शाखेतील विद्यार्थी मराठीतून शिकतात आणि उत्तरपत्रिका मराठीतून लिहितात, तर संदर्भग्रंथ बहुतांशी इंग्रजीत असतात. अशा वर्गात हजेरीचे काय करावे, तुटलेला अभ्यासक्रम पुन्हा कसा जोडून घ्यावा, इंग्रजी ग्रंथातील संकल्पना मराठीत कशी उभी करावी, हे येथील शिक्षकाचे रोजचे प्रश्न आहेत. देशभरच्या शिक्षकांसाठी हिंदी-इंग्रजीत चालणाऱ्या वर्गाचे वेळापत्रक मात्र नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, भारतीय ज्ञानपरंपरा, सायबर सुरक्षा, ताणतणावांचे नियोजन अशा सर्वसाधारण विषयांनी भरलेले असते. ते निरुपयोगी आहेत असे नव्हे. नवे धोरण मुंबई विद्यापीठाच्या पदवी वर्गांत उतरले असल्याने श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिटची, भाषा शिक्षकाला समजायलाच हवी. पण श्रेयांक समजला म्हणून लावणीच्या दिवसांत रिकामा झालेला बाक भरत नाही.

या बाबतीत मराठीतून चालणाऱ्या विषय-परिषदांचे मोल प्रशिक्षण केंद्रांपेक्षा कमी नाही, किंबहुना काही अंगांनी अधिक आहे, आणि त्यांची गणना व्यावसायिक विकासाच्या चर्चेत क्वचितच होते हे आश्चर्यच म्हणावे लागेल. मराठी अर्थशास्त्र परिषद, मराठी समाजशास्त्र परिषद, महाराष्ट्र राज्यशास्त्र व लोकप्रशासन परिषद, महाराष्ट्र इतिहास परिषद यांची अधिवेशने राज्याच्या निरनिराळ्या गावी भरतात, तेथे निबंध मराठीत वाचले जातात, आणि तालुक्याच्या महाविद्यालयातील शिक्षक विद्यापीठीय प्राध्यापकाशी समोरासमोर वाद घालू शकतो. अर्थशास्त्र परिषदेचे ‘अर्थसंवाद’ हे नियतकालिक तर मराठीतून अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला परिभाषा आणि उदाहरणे दोन्ही पुरवते. वाचनसामग्रीच्या बाबतीत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘एन-लिस्ट’ ही सेवा अशीच दुर्लक्षित आहे. महाविद्यालयाने अल्प वार्षिक शुल्क भरले की तेथील प्रत्येक शिक्षकाला घरबसल्या हजारो नियतकालिके आणि लाखो ई-पुस्तके उघडता येतात, त्यामुळे ग्रंथालय लहान असल्याची सबब आता पूर्वीइतकी खरी उरलेली नाही.

संशोधनासाठी तर या दोन तालुक्यांइतकी सुपीक भूमी शहरातल्या शिक्षकाला मिळणे कठीण. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात; या विसंगतीचा अभ्यास भूगोल, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र या तिन्ही विषयांचा होऊ शकतो. मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव डिसेंबर २०१६मध्ये राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले, त्या प्रयोगाचे पुढे काय झाले हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना घेऊन तपासता येईल. म्हसा येथील यात्रेचा गुरांचा बाजार, सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी हुतात्मा झालेले भाई कोतवाल व हिराजी पाटील यांच्या लढ्याविषयी गावोगाव सांगितल्या जाणाऱ्या आठवणी, ठाकरी बोली, समृद्धी महामार्गासाठी गेलेल्या जमिनी : हे सगळे हाताशी आहे. विद्यापीठाच्या लघुसंशोधन अनुदानातून असा एखादा विषय हाती घेतलेला शिक्षक संशोधनपद्धती ज्या खोलीने शिकतो, ती बारा दिवसांच्या व्याख्यानमालेने येत नाही. ६ जानेवारी २०२५ रोजी आयोगाने प्रसिद्ध केलेल्या नव्या नियमावलीच्या मसुद्यात भारतीय भाषांतील अध्यापन आणि समाजाशी निगडित कार्य यांना शिक्षकाच्या उल्लेखनीय योगदानात जागा देण्यात आली होती. ग्रामीण शिक्षकाच्या कामाची मोजदाद त्या दिशेने झाली तर ती अधिक न्याय्य ठरेल.

एक वर्ग मात्र या साऱ्या हिशेबाच्या बाहेर राहतो. पूर्णवेळ पदे रिक्त असल्याने राज्यभर अनेक विषय तासिका तत्त्वावरील, म्हणजे घेतलेल्या तासांइतकेच मानधन मिळणारे, शिक्षक शिकवतात. त्यांना कॅस लागू नाही, म्हणून प्रमाणपत्राचा पदोन्नतीसाठी उपयोग नाही. त्यांना कर्तव्य रजा नाही, म्हणून वर्गाला गेलेला प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेले मानधन. आणि पुढच्या वर्षी हीच नेमणूक मिळेल याची हमी नसल्याने त्यांच्यावर खर्च करण्यात संस्थेलाही रस नसतो. पदोन्नतीशी जोडलेले प्रशिक्षण अशा रीतीने ज्याला त्याची सर्वाधिक गरज आहे त्यालाच वगळते. यावर उपाय अशक्य कोटीतला नाही. राज्य शासनाने पुण्यात स्थापन केलेल्या महाराष्ट्र राज्य अध्यापक विकास संस्थेने किंवा विद्यापीठाने दिवाळीच्या अथवा उन्हाळ्याच्या सुटीत शहापूर किंवा मुरबाडलाच पाच-सहा दिवसांचे वर्ग घ्यावेत, दोन्ही तालुक्यांतील सर्व महाविद्यालयांचे त्या-त्या विषयाचे शिक्षक, कायम आणि तासिका तत्त्वावरील असे दोन्ही, त्यांत एकत्र बसवावेत, पाठ मराठीतून द्यावेत व एकमेकांचे पाहावेत, आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकाचे त्या दिवसांचे मानधन पनवेलच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाने घेतलेल्या तासांप्रमाणेच मंजूर करावे. यातली शेवटची बाब सर्वांत कमी खर्चाची आहे आणि बाकीचा बेत यशस्वी होईल की नाही हे तिच्यावरच ठरेल.