नोट विसरते, बिटकॉइन विसरत नाही

भाजीवाल्या मावशींच्या हातावर पन्नासची नोट ठेवली, जुडी पिशवीत टाकली, की व्यवहार संपला. कोणी कोणाला किती दिले, हे त्या दोघींखेरीज कोणाला कळत नाही. बिटकॉइन म्हणजे इंटरनेटवरची अशीच गुपचूप रोकड, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात नेमकं उलट आहे.

बिटकॉइनचा सगळा कारभार एका खातेवहीवर चालतो. ३ जानेवारी २००९ पासूनची प्रत्येक देवघेव तिच्यात आहे आणि ती जगात कोणीही उघडून वाचू शकतं. नावाच्या जागी अक्षर-आकड्यांचा लांबलचक पत्ता असतो, एवढाच काय तो आडोसा. बिटकॉइनची खरेदी-विक्री जिथे होते त्या एक्स्चेंजवर पॅन-आधार देऊन खातं उघडलं, की तो पत्ता कोणाचा हे तिथे समजतं. दुकानदाराला पैसे दिले की त्यालाही समजतं, आणि मग त्या पत्त्यावरची आधीची जमा आणि पुढचा खर्च त्याला घरबसल्या पाहता येतो. चहाचे पैसे दिले म्हणून टपरीवाल्याच्या हाती आपलं पासबुक द्यावं, तसंच हे. दर वेळी नवा पत्ता वापरायची सोय आहे. पण दोन पत्त्यांवरची शिल्लक एका खरेदीसाठी एकत्र केली की तीही माळ जुळते.

मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन या इंधन कंपनीने खंडणीखोरांना ७५ बिटकॉइन दिले. तपास यंत्रणेने याच वहीतून माग काढला आणि महिन्याभरात त्यातले ६३.७ परत मिळवले. पैसे परत आले, चांगलंच झालं. पण औषधाचं बिल, संस्थेची वर्गणी, माहेरी पाठवलेले पैसे यांचा मागही तितक्याच सहज निघतो, याची मला काळजी वाटते. व्यवहार खरोखर झाकणारं मोनेरो हे डिजिटल चलन २०१४ पासून आहे, मात्र अनेक मोठ्या एक्स्चेंजनी ते काढून टाकलंय.

सोयीचं म्हणाल, तर बिटकॉइनच्या मूळ वहीत सेकंदाला जेमतेम सात व्यवहार मावतात आणि पक्की नोंद व्हायला साधारण दहा मिनिटं लागतात. वर भाव रोज हलतो. एल साल्वादोरने ७ सप्टेंबर २०२१ ला बिटकॉइनला डॉलरच्या जोडीने कायदेशीर चलन केलं, सरकारी ‘चिवो’ ॲप घेणाऱ्याला ३० डॉलरचे बिटकॉइन भेट दिले. बहुतेकांनी ती भेट खर्चली आणि ते पुन्हा डॉलरच्या नोटांकडे वळले. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून दुकानदारांवरची बिटकॉइन घेण्याची सक्ती काढावी लागली. आपल्याकडे तर बिटकॉइनच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. भाजीसाठी तो हिशेब कोण ठेवणार?

रोजच्या पैशाला विसरता आलं पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल रुपयाची किरकोळ व्यवहारांसाठीची चाचणी १ डिसेंबर २०२२ पासून मुंबईसह चार शहरांत सुरू झाली. पन्नास रुपयांच्या भाजीची नोंद त्यात कोणाकडे, किती दिवस राहणार, हे आपण सगळ्यांनी आत्ताच विचारायला हवं.