वर्णन, वस्तू आणि बियाण्याची पिशवी

वर्णनाच्या आधारे विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे, ही अट वस्तू विक्री अधिनियम, 1930 च्या कलम 15 मध्ये गृहीत धरलेली आहे. ती पावतीवर लिहिलेली असण्याची गरज नाही. मिक्सर वर्णनाप्रमाणे नसेल, तर तो दुकानात नेऊन दाखवता येतो. बियाण्याचे तसे नाही.

समजा, फलटण तालुक्यातील एका शेतकऱ्याने ‘लाल कांदा’ असे छापलेले बियाणे घेतले. रोपे टाकली, लागण केली आणि काढणीला निम्मे कांदे पांढरे निघाले. पुरावा ठरणारे बी तोवर मातीत गेलेले असते. हंगामही हातचा गेलेला असतो. सदोष माल प्रयोगशाळेत तपासण्याची तरतूद ग्राहक कायद्यात आहे. तिच्यावर बोट ठेवून कंपनी विचारते, नमुना कोठे आहे?

महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनीच्या 1998 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव मान्य केला नाही. सारे बी पेरून झालेल्या शेतकऱ्याकडे नमुना उरत नाही. कंपनीला दोष मान्य नसेल, तर त्याच लॉटचे बी तपासणीला पाठवण्याची विनंती तिनेच करावयास हवी होती. पुढे 2012 मध्ये, नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात, बियाणे घेणारा शेतकरी हा ‘ग्राहक’च आहे, हेही स्पष्ट झाले.

तथापि, प्रत्येक अपयश वर्णनभंग नसतो. कांद्याला डेंगळे येण्यामागे हवामान किंवा लागणीची वेळ असू शकते. लालऐवजी पांढरा कांदा येण्याला मात्र हवामान कारण ठरत नाही. हा भेद अधिकृत पाहणीतच सिद्ध होतो. म्हणून पीक शेतात उभे असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी व तक्रार निवारण समितीकडून पंचनामा करून घ्यावा. पिशवी, लेबल आणि लॉट क्रमांक असलेली पावती जपून ठेवावी. (रिकामी पिशवी बांधावर फेकण्याची आपली सवय येथे महागात पडते.)

ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार तक्रारदार राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे जाता येते. कंपनीचे कार्यालय परराज्यात असले, तरी फलटणकराला सातारा पुरे. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. आयोगाचे शुल्क मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर मोजलेल्या किमतीवर ठरते. ती पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क भरावे लागत नाही.