विमा बदलल्यास रुग्णालयास कळविणे का आवश्यक आहे

रुग्णालयाच्या वार्षिक कार्याचा आढावा घेताना उपचार, शस्त्रक्रिया आणि देणग्या यांचा उल्लेख ओघानेच येतो. देयक विभागाच्या खिडकीशी काय घडते, याविषयी मात्र सहसा लिहिले जात नाही. रुग्ण बरा होऊन घरी निघालेला असताना त्याच्या नातेवाइकांना तासन् तास तिष्ठत बसावे लागते, त्यामागे पुष्कळदा एकच साधे कारण असते. विमा बदललेला असतो आणि रुग्णालयाच्या नोंदीत मात्र जुनाच विमा असतो.

डायालिसिस, केमोथेरपी किंवा बाळंतपणापूर्वीच्या तपासण्या यांसाठी वारंवार येणाऱ्या रुग्णांची नोंदणी एकदाच होते. त्या वेळी दाखविलेल्या विमा कार्डाची प्रत फाइलमध्ये राहते आणि पुढील प्रत्येक वेळी तीच प्रमाण मानली जाते. दरम्यान नोकरी बदलते, निवृत्ती येते, मुलगा ठरावीक वयापलीकडे गेल्याने पालकांच्या पॉलिसीतून वगळला जातो. नोकरी तीच असली तरी मालक संस्था नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनी किंवा टीपीए, म्हणजे दाव्यांचे काम पाहणारी मध्यस्थ संस्था, बदलते. हा बदल कर्मचाऱ्यास एखाद्या परिपत्रकातून कळतो आणि तो विसरूनही जातो. पुष्कळ संस्थांचे विमावर्ष १ एप्रिलला सुरू होते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत हा घोळ विशेष आढळतो.

कॅशलेस सुविधेत रुग्णालय पूर्वमंजुरीचा अर्ज विमा कंपनीकडे पाठविते. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीने या अर्जावर एका तासात आणि घरी सोडतानाच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावयाचा असतो. हा नियम रुग्णांच्या हिताचाच आहे. परंतु हा तास अर्ज योग्य कंपनीच्या हाती पडल्यापासून मोजला जातो. जुन्या कंपनीकडे गेलेला अर्ज ‘पॉलिसी अस्तित्वात नाही’ अशा शेऱ्यासह परत येतो आणि सारे काम पहिल्यापासून करावे लागते. तोपर्यंत अनामत रक्कम कुटुंबासच उभी करावी लागते. ती उसनवारीने किंवा दागिना गहाण ठेवून आणली जाते, हे आम्ही खिडकीच्या अलीकडून पाहतो.

खोलीची निवड हाही येथे महत्त्वाचा प्रश्न आहे. काही पॉलिसींत खोलीभाड्याची मर्यादा असते. उदाहरणार्थ, विमा रकमेच्या एक टक्का प्रतिदिन. समजा, नव्या पॉलिसीची रक्कम ४ लाख रुपये आहे, म्हणजे भाड्याची मर्यादा ४ हजार रुपये झाली. जुन्या पॉलिसीत अशी मर्यादा नव्हती, म्हणून रुग्णाने सवयीने ५ हजारांची खोली घेतली. येथे केवळ वरचे हजार रुपये भरून सुटका होत नाही. डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचा आकार अशा संलग्न खर्चांनाही त्याच प्रमाणात कात्री लागते व त्यांतील ८० टक्केच मंजूर होतात. औषधे व शरीरात बसविण्याची उपकरणे यांना ही कपात लागू नसते. तरीही उरलेला भार लहान नसतो. नवे कार्ड दाखल होतानाच दाखविले असते, तर आमच्या कर्मचाऱ्याने योग्य खोली सुचविली असती.

स्वतःची पॉलिसी एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याची सोय ऑक्टोबर २०११ पासून आहे. नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज केल्यास जुन्या आजारांसाठी भोगलेला प्रतीक्षा काळ नव्या कंपनीकडे जमेस धरला जातो, परंतु जुन्या विमा रकमेपुरताच. हा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असतो. पूर्वमंजुरीच्या अर्जात ‘हा आजार केव्हापासून आहे’ असा रकाना असून तो डॉक्टर भरतात. नव्या कंपनीकडे जुन्या पॉलिसीची माहिती पोहोचली नसेल, तर या रकान्यावरूनच शंका उपस्थित होतात. म्हणून जुन्या पॉलिसींच्या प्रती टाकून देऊ नयेत. मी वाणिज्य शाखेचा. जुने कागद जपून ठेवण्याची सवय आम्हांस शिकवावी लागत नाही, पण इतरांनाही तिचा मोह पडावा असे वाटते.

मालक संस्थेचा व स्वतःचा असे दोन विमे असल्यास दोन्ही सांगावेत. एकाची रक्कम संपल्यावर उरलेला खर्च दुसऱ्याकडून मागता येतो.

विश्वस्त व देणगीदार यांच्या दृष्टीनेही हा विषय परका नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ मध्ये लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखावयाच्या असतात आणि देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. गरज या निधीहून नेहमीच मोठी असते. ज्याचा विमा चालू आहे त्याचा खर्च विम्याकडून वसूल झाला नाही, तर तो बुडीत खाती तरी जातो किंवा सवलतीच्या रूपाने अशा निधीवर पडतो, ज्याच्या दारात विमा नसलेला रुग्ण उभा असतो. विमा सांगितल्यास सवलत मिळणार नाही, या भीतीने काही जण तो लपवितात. ही भीती अनाठायी आहे. विम्याने न भरलेल्या रकमेसाठी आमच्या समाजसेवा विभागाकडे अर्ज करण्यास कोणीही मोकळा आहे.

शासकीय योजनांनाही हेच लागू आहे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना व आयुष्मान भारत यांची पूर्वमंजुरी उपचारापूर्वी घ्यावी लागते. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून कळविण्याची सोय आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्व नागरिकांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान कार्ड उपलब्ध झाले आहे. घरातील ज्येष्ठांचे कार्ड काढले असल्यास तेही फाइलला लावून घ्यावे.

नियोजित शस्त्रक्रियेसाठी दाखल होण्याच्या दोन-तीन दिवस आधी, आणि तातडीने दाखल व्हावे लागल्यास २४ तासांच्या आत, नवे कार्ड, ओळखपत्र व पॉलिसीची प्रत तळमजल्यावरील विमा कक्षात द्यावी. रुग्णासोबत थांबणाऱ्या व्यक्तीस कार्ड कोठे ठेवले आहे हे ठाऊक असावे. नियमित येणाऱ्या रुग्णांनी नूतनीकरण होताच पुढील भेटीत नवी प्रत द्यावी. त्यासाठी रांगेत उभे राहावे लागत नाही.